पीजीची दोन वर्षं आणि एक दोनशे पानी वही

जुलै-ऑगस्टात नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. तिच्यात पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, नव्याने आलेली मुलं लगेच ओळखू येतात. हातात टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) मार्कशीट, एलसीच्या तीन-तीन प्रती, आणि सोबतच्या मैत्रिणीला विचारणं चाललेलं, "लेक्चरं कधीपासून आहेत गं?" टीवायपर्यंत वर्गात बसलो, गाईड वाचलं, पेपर लिहिला, पास झालो, इथेही तसंच चालेल असं वाटत असतं. पास होण्यापुरतं ते चालतंही.

मी चांदवडहून अप-डाऊन करत एम.ए. अर्थशास्त्र केलं. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दरवर्षी मार्च उजाडला की दुसऱ्या वर्षाची मुलं येतात, "मॅडम, सीव्हीत काय लिहू?" दोन वर्षांत काय काय केलं ते सांग म्हटलं तर पोरं वर छताकडे बघतात. केलेलं बरंच असतं. लिहून ठेवलेलं काहीच नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या तुम्हाला जमतील तशा पुढेमागे करा, पण दुसरी मात्र गाळू नका.

पायरी १: पहिल्या पंधरा दिवसांत कागद उरका

हा कंटाळवाणा भाग आहे, पटकन संपवू. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, आयडी डिजिलॉकरमधून काढा. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे का ते आताच बघा. नावात वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, एवढ्यावरून पुढे महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज शेवटच्या तारखेवर ठेवू नका, त्या आठवड्यात साईट हमखास रडते. अप-डाऊन करणार असाल तर बोनाफाईड घेऊन एसटीचा विद्यार्थी पास काढा. भाड्याचा एक-तृतीयांशच भार पडतो. सुरगाणा, पेठ, कळवण, येवल्याकडच्या मुलांनी हॉस्टेलचा निर्णय हा पास हातात धरून करावा.

आणि सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्या. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके ही इथली जुनी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे विद्यापीठाची साईट बघायची. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजची. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही नाशिकचीच, पण त्यांचा कारभार वेगळा. सिलॅबसमध्ये क्रेडिटचा तक्ता नीट वाचा. २०२३-२४पासून नव्या शैक्षणिक धोरणाने जो राज्याचा आराखडा आला, त्यात पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती ४ क्रेडिट, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्ट ४ आणि चौथ्याला परत ६ असे आहेत. एकूण ८८पैकी १८. मुलं ज्याला 'पेपरशिवायचं किरकोळ' समजतात ते हे १८ क्रेडिट, आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तेही नेमकं हेच.

पायरी २: दोनशे पानी वही

मोबाईलमधलं नोट्सचं ॲप नको. वहीच घ्या, जाड पुठ्ठ्याची, एसटीच्या गर्दीत पिशवीत टिकेल अशी. शेवटची वीस पानं सोडून ठेवा. पुढच्या पानांवर रोज तारीख टाकून चार-पाच ओळी: काय वाचलं, कुठल्या पानावर अडलं, कुणाला भेटले, काय फसलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतलं एक पान तिला विचारून देते:

"१२ सप्टें. लायब्ररी, ११ ते १. शोधगंगावरचा कांदा साठवणुकीचा प्रबंध, प्रकरण ३. कांद्याच्या चाळीतली घट टक्क्यांत दिलीय, पण किती महिन्यांनंतरची ते नाही. मॅडमना विचारणे. दुपारी सेमिनार, दहा मिनिटं बोलले. ग्राफ दाखवला पण आडव्या अक्षावर काय आहे तेच सांगायचं राहिलं. मागच्या बाकावरच्याने विचारलं तेव्हा कळलं."

या पाच ओळींत तिचा पुढचा प्रोजेक्ट आहे, गाईडला (प्रोजेक्टच्या मार्गदर्शक प्राध्यापकाला) विचारायचा प्रश्न आहे, आणि पुढच्या सेमिनारची तयारीही आहे. तिने पुढच्या वेळी ग्राफ लावल्याबरोबर आधी दोन्ही अक्ष सांगितले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या वीस पानांवर फक्त झालेली कामं लिहायची: तारीख, काम, किती वेळ लागला, कुणी बघितलं. सर्व्हेला गेलात, लिहा. ज्युनिअरला एक्सेल शिकवलं, लिहा. डिपार्टमेंटच्या कार्यक्रमाचा हिशोब ठेवला, तोही लिहा. सीव्ही पुढे इथूनच उचलायचा आहे.

पायरी ३: वाचायचं कुठे आणि कसं

कॉलेजची लायब्ररी आहेच. तिथल्या ग्रंथपालांना पहिल्या आठवड्यात भेटून एकच गोष्ट विचारा, "एन-लिस्टचं लॉगिन मिळेल का?" इन्फ्लिबनेटच्या या योजनेतून हजारो जर्नलं आणि ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. कॉलेज त्यात असूनही निम्म्या मुलांना शेवटपर्यंत पत्ता नसतो. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४०पासूनचं आहे. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं तिथे शोधावीत. मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तकं स्वयंअध्ययनासाठीच लिहिलेली आहेत. इंग्रजी पुस्तक डोक्यावरून जात असेल तर आधी त्यांतलं प्रकरण वाचा. यात कमीपणा काही नाही, मी आजही वाचते.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसू नका. आधी गोषवारा, मग तक्ते, मग निष्कर्ष. तक्ता बघून आपल्याला काय वाटतं ते वहीत लिहा आणि लेखकाने काय म्हटलंय त्याच्याशी ताडून बघा. जुळलं नाही तरच मधला भाग खोलात वाचायचा. आठवड्याला दोन निबंध पुरे. वाचून झाला की मिटून ठेवायचा आणि न बघता मराठीत पाच ओळी लिहायच्या. नुसतं पिवळ्या पेनने रंगवलं तर शिकल्याचं समाधान तेवढं मिळतं.

इंग्रजीचं भय हा आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचा मोठा विषय आहे. त्यावर माझा उपाय साधा. त्या मराठी पाच ओळींखाली दर रविवारी त्यातल्या एकाच नोंदीचं इंग्रजी करा. चुका होऊ द्या. दोन वर्षांत शंभरेक परिच्छेद होतात. स्पोकनच्या क्लासला घातलेल्या पैशांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो, हे माझं मत आहे, क्लासवाले रागावतील.

पायरी ४: प्रोजेक्टचा प्रश्न लहान करा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मुलं विषय घेऊन येतात: "नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या: एक अभ्यास." दरवर्षी किमान तिघं. गेल्या दोन वर्षांत त्यात सिंहस्थाची भर पडली आहे, "कुंभमेळ्याचे अर्थव्यवस्थेवरील परिणाम." जिल्ह्याला पंधरा तालुके आहेत. कुठल्या समस्या, कुणाच्या, कधीच्या?

मी मुलांना म्हणते, एक माणूस डोळ्यांपुढे आणा. निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. मार्च ते मे दरम्यान उन्हाळ कांदा काढला आणि चाळीत भरला. आता तो विकायचा कधी? थांबला तर भाव वाढेल, पण कांदा सडेल, वजन घटेल, कोंब येतील. मध्येच सोसायटीचं कर्ज, पोराची फी, खरिपाचं बियाणं. तो दिवस कशावरून ठरवतो? हा प्रश्न झाला. चार गावं घ्या, चाळीस शेतकरी घ्या, एका हंगामापुरतं विचारा. एम.ए.च्या प्रोजेक्टला एवढं भरपूर आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर तुमचं स्वतःचं असेल.

मग प्रश्नावली. "तुम्हाला कांद्याचा भाव परवडतो का? हो / नाही." चाळीसच्या चाळीस जण 'नाही' म्हणणार, तुम्ही पाय चार्ट काढणार आणि तो पूर्ण गोल एकाच रंगाचा येणार. त्याऐवजी घडलेलं विचारा. शेवटची ट्रॉली कधी काढली? किती क्विंटल? लासलगावला नेली की पिंपळगावला, आणि तिकडेच का? त्या आठवड्यात पैशाची काय नड होती? मत विचारलं की माणूस गाऱ्हाणं सांगतो, तारीख विचारली की आठवू लागतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर अनेकांचे प्रोजेक्ट गडगडतात. बाजार समितीच्या भावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. मुलं किमान आणि कमालची बेरीज करून दोनने भागतात आणि 'सरासरी भाव' लिहितात. सर्वसाधारण भाव म्हणजे ज्या दराने त्या दिवशी जास्तीत जास्त माल गेला तो. समजा किमान ५००, कमाल २,१०० आणि सर्वसाधारण १,७०० आहे. तुमची 'सरासरी' १,३०० येईल, आणि बहुतेक ट्रॉल्या १,७००च्या आसपास गेलेल्या असतील. तो ५००चा दर एखाद्या सडक्या, बारीक मालाच्या ट्रॉलीचा. लिलावाच्या ओळीत तासभर उभे राहिलात तर हे न शिकवता कळतं. म्हणून आकडे ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साईटवरून जरूर घ्या, पण एकदा सकाळी मार्केटला जा. तुमचा विषय रसायनशास्त्र असो की इतिहास, ज्या जागी तुमचा आकडा किंवा पुरावा जन्मतो तिथे एकदा तरी जायलाच हवं. इतिहासवाल्यांना तर पांडवलेणी पाथर्डी फाट्याजवळच आहेत. सातवाहनांचे आणि क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे लेख भिंतींवर तसेच आहेत, आणि पायऱ्या चढून ते शोधणारे पीजीचे विद्यार्थी फार दिसत नाहीत.

पायरी ५: गाईडशी कसं वागायचं

सर-मॅडम घाईत असतात. ॲडमिशन समिती, नॅकची फाईल, परीक्षेची ड्युटी. "सर, प्रोजेक्टचं काय करू?" असं विचारलंत तर "बघू" हेच उत्तर येईल. त्याऐवजी असा मेल किंवा मेसेज करा:

"सर, नमस्कार. चार गावांतले बारा शेतकरी भेटून झाले. प्रश्नावलीतला सातवा प्रश्न कुणालाच नीट कळत नाही. तो काढावा की बदलावा, एवढंच विचारायचं आहे. नवा मसुदा सोबत जोडला आहे. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी स्टाफरूममध्ये दहा मिनिटं मिळतील का?"

सरांना याचं उत्तर जिन्यातून उतरताना देता येतं. भेट झाल्यावर जे ठरलं ते वहीत, आणि रात्री दोन ओळींचा मेसेज सरांना. पुढे "मी असं सांगितलंच नव्हतं" हा प्रसंग टळतो.

पायरी ६: लिहिणं, चोरी आणि खोटी जर्नलं

पहिल्या दिवसापासून मराठी युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतलेला प्रोजेक्ट दुसऱ्या कम्प्युटरवर उघडला की अक्षरांच्या जागी किडेमकोडे दिसतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री टायपिंगवाल्याचं शटर बंद असतं. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाईलची एक प्रत ड्राईव्हवर, एक स्वतःला मेल करून. पेन ड्राईव्हवर भरवसा नको.

दुसऱ्याचं उचलायचं नाही, हे सगळे सांगतात. उचललं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. शब्द बदलून वाक्यांचा सांगाडा तोच ठेवला तरी ते उचललेलंच. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. पण टक्का मोजत लिहू नका. वर सांगितलेली मिटून लिहायची सवय असेल तर हा प्रश्न उभाच राहत नाही. चॅटजीपीटी सगळेच वापरतात, मीही वापरते, इंग्रजी सुधारायला. मात्र त्याला संदर्भ मागू नका. नसलेल्या लेखाचं नाव, वर्ष, पान क्रमांक इतक्या बेमालूमपणे देतं की व्हायवाला बाहेरचे परीक्षक "हा लेख दाखवा बरं" म्हणाले की घाम फुटतो.

आता माझी स्वतःची फजिती. दुसऱ्या वर्षी मला एक मेल आला, 'आंतरराष्ट्रीय' जर्नल, चार दिवसांत छापतो. मी हुरळून अडीच हजार भरले. लेख खरंच चौथ्या दिवशी आला, माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक, आणि शेजारच्या पानावर शेळीपालनावरचा लेख. पुढे एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी ते नाव बघून फक्त पेन खाली ठेवला. चांगलं जर्नल तुमचा लेख दोन जाणकारांकडून तपासून घेतं, त्याला महिने लागतात. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोन नावांचं काम शोधून बघा, जुने अंक वाचा, आणि तरी शंका असेल तर गाईडना विचारा. एम.ए.ला लेख छापून आलाच पाहिजे असं काही नाही.

पायरी ७: ऑन जॉब ट्रेनिंग सहीपुरतं करू नका

४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणणारे असतात. त्यांना मी काही बोलत नाही, त्यांच्या १२० तासांचं नुकसान त्यांचंच. नाशिकमध्ये जागांची वाण नाही. सातपूर, अंबडची एमआयडीसी, सिन्नरकडे माळेगाव आणि मुसळगाव. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीवाल्यांना औषध कंपन्या आणि वायनरींच्या लॅब. कॉमर्सला सीएंची ऑफिसं, पतसंस्था. अर्थशास्त्र, भूगोलाला शेतकरी उत्पादक कंपन्या; मोहाडीची सह्याद्री फार्म्स इथून तासाभरावर आहे. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे दुसरं सेमिस्टर आणि द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाऊसची धांदल एकाच वेळी येते. तेव्हा अर्ज दिवाळीच्या सुट्टीतच टाका. 'एचआर मॅनेजर यांस' असा मोघम अर्ज नको. त्यांच्याकडे काय काम चालतं ते वाचा आणि त्यातलं एक काम मी करू शकते असं लिहा.

गेल्यावर पहिले आठ दिवस बहुधा झेरॉक्स आणि रजिस्टर मिळतं. हरकत नाही, रजिस्टर वाचा. कुठला रकाना कुणी कशासाठी भरतो हे कळलं की कंपनी कळते. माझी एक विद्यार्थिनी पॅकहाऊसच्या गेटवर आवक लिहायला बसली होती. तिने आठवडाभराच्या नोंदींवरून दाखवलं की दुपारी दोन ते चारमध्ये सगळ्या गाड्या एकदम येतात आणि माल उन्हात थांबतो. एक्सेलचा साधा तक्ता होता. पुढे मुलाखतीत ती त्या तक्त्यावर वीस मिनिटं बोलली.

पायरी ८: नेट-सेट आणि इतर परीक्षा

प्राध्यापक किंवा संशोधनाकडे जायचं असेल तर दुसऱ्या वर्षात असतानाच यूजीसी नेटला बसता येतं. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या फेरीत होते. पेपर एक ५० प्रश्न १०० गुण, पेपर दोन १०० प्रश्न २०० गुण, मिळून तीन तास, चुकीला गुणकपात नाही. विज्ञानवाल्यांची सीएसआयआर नेट वेगळी, तिथे मात्र गुण कापतात. २०२४पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही चालतात. महाराष्ट्राची सेट, नेटसारखीच राज्याची पात्रता परीक्षा, पुणे विद्यापीठच घेतं आणि काही विषयांत ती मराठीतूनही देता येते. पेपर एकची तयारी पहिल्या सेमिस्टरच्या संशोधन पद्धतीच्या पेपरसोबत करा, थोडा अभ्यास सामायिक आहे. पीएचडी करायची असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. जाहिराती कधी येतील त्याचा नेम नसतो, म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

एमपीएससी करायची असेल तर खुशाल करा. पण 'पीजी फक्त हॉस्टेलसाठी' असं ठरवून येऊ नका. दोन्हीकडे अर्धे राहिलेले मी बरेच पाहिलेत. प्राध्यापकीचंही खरं सांगते: नेट झालं म्हणजे कायम नोकरी लागली असं नाही. आमच्यासारखे तासिकेवर वर्षानुवर्षं असतात. दुसरी वाट तयार असू द्या, स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावरचा डेटा किंवा सांख्यिकीचा एखादा कोर्स दर सेमिस्टरला करा. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची.

पायरी ९: सीव्ही आणि शिफारसपत्र

आता वहीची शेवटची वीस पानं उघडा. "मेहनती, टीमवर्कची आवड, एमएस ऑफिसचे ज्ञान" हे सगळ्यांच्याच सीव्हीत असतं, वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. त्याजागी लिहा: "निफाड तालुक्यातील ४ गावांत ४० शेतकऱ्यांच्या मुलाखती, प्रश्नावली स्वतः तयार केली, दोनदा सुधारली, विश्लेषण एक्सेलमध्ये." एक पान, जास्तीत जास्त दोन. वधुवर सूचक मंडळाच्या बायोडाटासारखं जन्मवेळ, उंची, वडिलांचा व्यवसाय घालू नका. दरवर्षी कुणीतरी घालतंच.

मुलाखतीची तयारी एकट्याने आरशापुढे करण्यापेक्षा दोघातिघांत करा. गोदापार्कवर संध्याकाळी चालता चालता एकाने विचारायचं, दुसऱ्याने स्वतःचा प्रोजेक्ट दोन मिनिटांत सांगायचा, तिसऱ्याने घड्याळ बघायचं. मराठीत दोन मिनिटांत सांगता आला की मग इंग्रजीत.

शिफारसपत्र मागायला येताना वहीची दोन पानं झेरॉक्स करून आणा: कुठला सेमिनार, कुठला सर्व्हे, कुठल्या तारखा. मला साठ मुलं असतात, तुम्ही पहिल्या वर्षी वर्गात विचारलेला चांगला प्रश्न मला आठवेलच असं नाही. पत्र कुठे द्यायचं आहे आणि शेवटची तारीख काय, तेही लिहून द्या. आणि मार्च संपायच्या आत या. तासिकेवरच्या आम्हा लोकांची नेमणूक वर्षापुरती असते. जूनमध्ये शोधत आलात तर मी त्या स्टाफरूममध्ये असेनच असं नाही, तेव्हा माझा मेल आयडीही वहीत लिहून घ्या.